डॅशबोर्डवरचा दिवा का लुकलुकतो? मोटारीतील विजेचा आणि निदानाच्या पद्धतीचा इतिहास

ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने देशातील १४ मोटार उत्पादकांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. तक्रार सुट्या भागांच्या विक्रीविषयी होती, तशीच निदानाच्या साधनांविषयीही होती. बिघाड कोठे आहे हे सांगणारी उपकरणे आणि तांत्रिक माहिती उत्पादकांनी आपल्या अधिकृत केंद्रांपुरती राखून ठेवली, त्यामुळे स्वतंत्र कारागीर बाजारातून बाहेर ढकलला जातो, असा आयोगाचा निष्कर्ष होता. त्या आदेशावर पुढे अपिले झाली. तो भाग कायद्याच्या अभ्यासकांचा आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला मात्र त्यात दडलेला दुसरा प्रश्न अधिक मोलाचा वाटावा. निदान म्हणजे नेमके काय? ते उपकरणात असते, की उपकरण हाती धरणाऱ्याच्या विचारात?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मोटारीतील एक अगदी किरकोळ वाटणारा बिघाड घेऊ. रात्रीच्या प्रवासात डॅशबोर्डवरील दिवे लुकलुकू लागतात. गाडी चालत असते, इंजिनाचा आवाज नेहमीचाच असतो. पण वेगमापकामागचा उजेड मंदावतो, पुन्हा उजळतो. पुष्कळ चालक तिकडे दुर्लक्ष करतात. मात्र त्या लुकलुकण्यामागे विद्युतशास्त्राचा सुमारे १०० वर्षांचा इतिहास उभा आहे आणि त्यातील प्रत्येक टप्प्याने या दिव्याच्या थरथरण्याला निराळा अर्थ दिला आहे.

इंजिनाच्या तालावर नाचणारा उजेड

पहिल्या मोटारींना विजेचे दिवेच नव्हते. पुढचे दिवे ॲसिटिलीन वायूवर आणि बाजूचे रॉकेलवर जळत. हेन्री फोर्ड यांच्या ‘मॉडेल टी’ या १९०८ साली आलेल्या मोटारीतही प्रारंभी हीच व्यवस्था होती. १९१५ च्या सुमारास तिला विजेचे पुढचे दिवे मिळाले. त्यांना वीज पुरवण्यासाठी बॅटरी नव्हती. इंजिनाच्या गतिचक्रावर बसवलेले १६ चुंबक तारेच्या वेटोळ्यांसमोरून फिरत आणि त्यातून निर्माण होणारी प्रत्यावर्ती विद्युतधारा थेट दिव्यांकडे जाई.

मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली मांडलेला नियम येथे उघड्या डोळ्यांनी दिसत असे. वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र जितक्या वेगाने बदलेल तितका विद्युतदाब अधिक. इंजिन जोरात फिरले की दिवे प्रखर होत. चढावर किंवा वळणावर, म्हणजे उजेडाची खरी गरज असते तेथे, गती मंदावली की तेही मंदावत. या गाडीत दिव्याचे कमीजास्त होणे हा बिघाड नव्हता, तो तिचा स्वभाव होता. कोणत्याही लक्षणाला ‘बिघाड’ म्हणण्याआधी यंत्राचे निरोगी वर्तन काय आहे हे ठाऊक असावे लागते, हा निदानाचा पहिला धडा येथेच मिळतो.

साठवण आणि नियमन

१९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेली विद्युत व्यवस्था आली. तोवर इंजिन सुरू करण्यासाठी पुढे उभे राहून लोखंडी हँडल फिरवावे लागे. ते उलटा झटका देई आणि मनगटे मोडत. केटरिंग यांच्या व्यवस्थेत एकच विद्युतयंत्र आधी मोटर म्हणून इंजिन फिरवी आणि इंजिन सुरू झाले की जनित्र म्हणून बॅटरी भरी. बॅटरी होती गास्तों प्लांते यांनी १८५९ साली शोधलेली शिसे-आम्लाची. मोटारीत विजेचा साठा आला आणि दिव्यांचे इंजिनावरील थेट अवलंबन संपले.

साठ्याबरोबर नवे प्रश्नही आले. जनित्राचा दाब बॅटरीपेक्षा कमी असेल तर बॅटरीतील वीज उलट जनित्रात शिरेल. फार वाढला तर बॅटरीतील पाणी उकळल्यासारखे उडेल आणि दिव्यांच्या तारा जळतील. पहिल्या संकटावर ‘कटआउट’ नावाचा विद्युतचुंबकीय खटका आला. दुसऱ्यावर उपाय म्हणून कंप पावणारा नियामक आला. दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला की त्याचे संपर्कबिंदू उघडत, जनित्राच्या क्षेत्रवेटोळ्यात जादा रोध शिरे, दाब घसरे आणि बिंदू पुन्हा मिटत. ही उघडझाप सेकंदाला अनेक वेळा चाले.

म्हणजे त्या काळातील मोटारीचा विद्युतदाब वस्तुतः सतत थरथरतच होता. ती थरथर दिसत नसे याची कारणे तीन. बॅटरी दाबातील चढउतार शोषून घेई. दिव्यातील टंगस्टनच्या तारेला तापण्या-निवण्यास वेळ लागे. आणि पुरेशा वेगाने बदलणारा प्रकाश मानवी डोळ्याला स्थिर व सरासरी तेजाचा भासतो. हा शेवटचा नियम एकोणिसाव्या शतकात टॅल्बट आणि प्लॅटो यांनी मांडला. नियामकाचे संपर्कबिंदू ठिणग्यांनी खडबडीत झाले की उघडझाप संथ आणि अनियमित होई, ती डोळ्याच्या टप्प्यात येई आणि डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकू लागे. एरवीही चालूच असलेली प्रक्रिया आता फक्त मंदावलेली असे.

तो लाल दिवा

याच काळात डॅशबोर्डवर एक लहान लाल दिवा आला. त्याची रचना अतिशय साधी होती. त्याचे एक टोक चावीच्या खटक्यातून बॅटरीला आणि दुसरे जनित्राच्या टोकाला जोडलेले असे. इंजिन बंद असताना चावी फिरवली की बॅटरीतून निघालेली धारा या दिव्यातून, जनित्रातून, चेसिसकडे जाई आणि दिवा लागे. जनित्र फिरू लागून त्याचा दाब बॅटरीच्या बरोबरीला आला की दिव्याच्या दोन्ही टोकांतील फरक शून्य होई आणि तो विझे.

हा दिवा दाब मोजत नाही. तो दोन दाबांतील तफावत दाखवतो. प्रयोगशाळेतील व्हीटस्टन सेतूत गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आला की संतुलन साधले असे आपण समजतो. मोटारीतील लाल दिवा त्याच जातीचा साक्षीदार आहे. इंजिन मंद फिरत असताना तो किंचित मिणमिणला तर जनित्र बॅटरीच्या बरोबरीच्या उंबरठ्यावर आहे एवढाच अर्थ. वेग वाढल्यावरही तो मिणमिणत राहिला तर बेल्ट घसरतो आहे, कार्बन झिजले आहेत, आर्मेचरचा कॉम्युटेटर काळवंडला आहे किंवा मधल्या जोडात दाब गळतो आहे, अशा शक्यता उभ्या राहतात.

भारतातील मोटारदुरुस्तीची परंपरा याच दिव्यासमोर घडली. उत्तरपाड्याची अँबॅसॅडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, या दोन गाड्यांनी अनेक दशके देशाचे रस्ते व्यापले. त्यांच्या सुरुवातीच्या पिढ्यांत डायनॅमोच होता. मोटारींची विद्युत उपकरणे देशातच बनावीत यासाठी १९६१ साली मद्रासमध्ये लुकास-टीव्हीएस ही कंपनी स्थापन झाली. सुटे भाग महाग आणि दुर्मीळ, म्हणून शहरोशहरीच्या वायरमनांनी नियामकाचे बिंदू पॉलिश पेपरने घासले, कॉम्युटेटर लेथवर साफ केले, आर्मेचर नव्याने गुंडाळले. बहुतेकांच्या हाती साधन होते ते दोन तारा जोडलेला एक दिवा, म्हणजे टेस्ट लॅम्प. ॲम्पियर, व्होल्ट आणि ओहम तिन्ही मोजणारा ॲव्होमीटर डोनाल्ड मॅकॅडी यांनी १९२३ साली तयार केला होता खरा, पण तो सर्वांना परवडणारा नव्हता.

स्फटिकाचे आगमन

१९६० साली क्रायस्लर कंपनीने आपल्या व्हॅलियंट मोटारीत डायनॅमोऐवजी अल्टरनेटर दिला आणि पुढील काही वर्षांत जगभर हाच मार्ग स्वीकारला गेला. डायनॅमोत सगळी जड धारा फिरत्या आर्मेचरमधून, कार्बनमार्गे बाहेर काढावी लागे. अल्टरनेटरमध्ये ती स्थिर वेटोळ्यांत निर्माण होते. कार्बनमधून केवळ फिरत्या चुंबकाला लागणारी थोडी धारा जाते. त्यामुळे तो अधिक वेगाने फिरवता येतो आणि इंजिन मंद असतानाही पुरेशी वीज देतो.

अडचण एकच होती. अल्टरनेटर प्रत्यावर्ती धारा देतो आणि बॅटरीला दिष्ट धारा लागते. सिलिकॉनचे स्वस्त आणि दणकट डायोड हाती येईपर्यंत ही अडचण लहान मोटारीत सुटण्यासारखी नव्हती. स्फटिक विजेला एकाच दिशेने वाट देतो हे कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांनी १८७४ साली धातूंच्या सल्फाइडांत पाहिले होते. या गुणाचा उपयोग विद्युतचुंबकीय लहरी ओळखण्यासाठी करून जगदीशचंद्र बसू यांनी गॅलेनाच्या स्फटिकावर आधारित शोधक बनवला. त्याला १९०४ साली अमेरिकेचे पेटंट मिळाले. अर्धवाहक उपकरणाच्या अगदी आरंभीच्या पेटंटांत त्याची गणना होते. कोलकात्याच्या प्रयोगशाळेतील तो स्फटिक आणि अल्टरनेटरच्या पाठीतील ६ डायोड यांच्यात सुमारे ६ दशकांचे अंतर आहे. पण दोन्ही ठिकाणी कामी आलेला गुणधर्म एकच आहे.

डायोड उलटा प्रवाह आपोआप अडवतात, म्हणून कटआउटची गरज संपली. कालांतराने कंप पावणाऱ्या नियामकाच्या जागी ट्रान्झिस्टर आला. लाल दिवा राहिला आणि अनेक रचनांत त्याच्याकडे दुसरे कामही आले : त्याच्यातून जाणारी धाराच अल्टरनेटरच्या चुंबकाला पहिली चालना देऊ लागली. अशा गाडीत तो दिवा स्वतःच जळून गेला, तर अल्टरनेटर चार्जिंगला सुरुवात करण्यास टाळाटाळ करू शकतो. सूचना देणारा भाग येथे यंत्रणेचाच अवयव बनला होता.

लुकलुकण्याचे गणित

आता निदानाकडे वळू. टंगस्टन-तारेच्या दिव्याचा प्रकाश दाबाच्या सुमारे ३.४ व्या घातानुसार बदलतो. दाब ५ टक्क्यांनी घटला तर प्रकाश सुमारे १६ टक्क्यांनी, आणि दाब १० टक्क्यांनी घटला तर प्रकाश जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. म्हणून डॅशबोर्डवरील साधा दिवा हा दाबातील बदल मोठा करून दाखवणारा भिंगासारखा साक्षीदार आहे.

मोटारीत विजेची परतीची वाट बहुधा स्वतंत्र तारेची नसते. गाडीचे लोखंडी अंगच ती वाट असते. कारागीर तिला ‘अर्थिंग’ किंवा ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. या वाटेतील एखादा बोल्ट गंजला आणि तेथे केवळ ०.२ ओहम रोध निर्माण झाला असे समजू. त्यातून ५ ॲम्पियर धारा जाताना १ व्होल्ट दाब वाया जातो. १३ व्होल्टवर जळणारा दिवा १२ वर येतो आणि त्याचा सुमारे चतुर्थांश उजेड नाहीसा होतो. शिवाय त्या जोडात ५ वॉट उष्णता निर्माण होते; ती गंज वाढवते आणि जोड आणखी सैल करते. कोकणासारख्या दमट, खाऱ्या हवेच्या प्रदेशात हे चक्र लवकर सुरू होते.

याच हिशेबातून ६ व्होल्टच्या जुन्या गाड्या १२ व्होल्टवर का गेल्या हेही उमगते. ६० वॉटच्या दिव्याला ६ व्होल्टवर १० ॲम्पियर धारा लागते, ०.१ ओहमच्या जोडात १ व्होल्ट, म्हणजे एकूण दाबाचा सहावा भाग, खर्ची पडतो. १२ व्होल्टवर तोच दिवा ५ ॲम्पियर घेतो आणि तोच जोड अर्धा व्होल्ट, म्हणजे चोविसावा भाग, खातो. दाब दुप्पट झाला आणि तोट्याचे प्रमाण चतुर्थांशावर आले.

या पायावर उभे राहिलेले निदान प्रश्नांच्या क्रमाने पुढे सरकते. पहिला प्रश्न : दिव्यासोबत आणखी काय लुकलुकते? पुढचे दिवेही त्याच तालात मंदावत असतील तर दोष मूळ पुरवठ्यात, म्हणजे बॅटरीचे टर्मिनल, मुख्य अर्थिंग, बेल्ट किंवा अल्टरनेटर यांत शोधावा. केवळ डॅशबोर्डच लुकलुकत असेल तर त्याचा फ्यूज, उजेड कमीजास्त करणारी चकती, मागची अर्थिंगची तार किंवा मीटरच्या पट्टीवरील तडकलेला डाख संशयित ठरतो. जुन्या गाड्यांत ही चकती तारेच्या वेटोळ्यावर सरकणारा रोध असे; ती दोन-चार वेळा फिरवल्याने दिवा स्थिरावला तर दोष तेथेच आहे.

दुसरा प्रश्न : लुकलुकणे कोणाच्या तालावर आहे? वळणाचा इंडिकेटर मिनिटाला साधारण ६० ते १२० वेळा उघडमीट करतो. डॅशबोर्डचा उजेड नेमका त्याच तालावर हलत असेल तर दोघांची परतीची वाट सामाईक आणि सदोष आहे. ताल इंजिनाच्या वेगाबरोबर बदलत असेल तर बेल्ट, कार्बन आणि नियामक तपासावेत. ताल रस्त्याच्या खड्ड्यांशी जुळत असेल तर सैल जोड.

तिसरा प्रश्न : संख्या काय सांगतात? इंजिन बंद करून काही तास गेल्यावर पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. अलीकडील काही गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी संगणक हा दाब मुद्दाम खालीवर करतो, हेही ध्यानी असावे. मग सर्व दिवे लावून मल्टिमीटरची एक टोचणी बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या धातूवर ठेवावी. तेथे काही दशांश व्होल्टहून अधिक दाब दिसला तर अर्थिंगचा दोष सापडला. हे मोजमाप ओहमच्या टप्प्यावर घेऊन उपयोग नाही. मीटर अगदी अल्प धारा सोडतो, आणि दहांपैकी एकच धागा शिल्लक असलेली तारही तेवढ्या धारेला विनातक्रार वाट देते. प्रश्न भाराखाली विचारला तरच तार खरे उत्तर देते.

एका प्रचलित समजुतीचीही येथे परीक्षा होते. दिवे लुकलुकले की अल्टरनेटरचा डायोड गेला, असे सहज म्हटले जाते. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत आहे, अल्टरनेटर त्याच्या अडीचपट, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ फेरे फिरतो आहे आणि त्यात ध्रुवांच्या ६ जोड्या आहेत असे धरू. एक डायोड निकामी झाल्यास दाबात सेकंदाला सुमारे २०० वेळा खाच पडेल. तारेच्या दिव्यात एवढी जलद थरथर स्थिर डोळ्याला दिसणे कठीण. म्हणून सेकंदाला चार-पाच वेळा होणाऱ्या लुकलुकीचा आरोप थेट डायोडवर ठेवण्याआधी बेल्ट, कार्बन आणि जोड तपासावेत. डायोडची शंका असल्यास मीटर प्रत्यावर्ती दाबाच्या टप्प्यावर ठेवून बॅटरीवरील तरंग पाहावा. अंदाज आणि निदान यांतील अंतर अशा एका गुणाकाराचे असते.

संगणकाच्या हाती गेलेला दिवा

१९८६ साली बॉश कंपनीने ‘कॅन’ ही संदेशवहनाची पद्धत जाहीर केली. मोटारीतील निरनिराळे संगणक एकाच जोडतारेवरून परस्परांशी बोलू लागले आणि डॅशबोर्डवरील पुष्कळ दिव्यांचे स्वतंत्र परिपथ संपले. दिवा आता संदेशाच्या आज्ञेने लागतो. तारेच्या दिव्यांची जागा प्रकाश उत्सर्जक डायोडांनी घेतली. त्यांचा उजेड कमी करण्यासाठी त्यांना सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद केले जाते. चालू राहण्याचा काळ घटवला की डोळ्याला सरासरी उजेड कमी भासतो. कंप पावणाऱ्या नियामकाचीच युक्ती नव्या रूपात परतली. मोबाइलच्या चित्रफितीत डॅशबोर्ड लुकलुकताना दिसतो आणि डोळ्यांना मात्र स्थिर दिसतो, याचे कारण कॅमेऱ्याच्या चौकटींचा वेग आणि दिव्याचा वेग यांतील विस्पंद. तेथे दुरुस्त करण्यासारखे काही नसते.

उलट, एका दिव्याचे लुकलुकणे आता हेतुपूर्वक ठरवलेली भाषा झाले आहे. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीच्या झालेल्या निदानप्रणालीत इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर लागला तर दोष नोंदवला गेला आहे असा अर्थ. तो उघडमीट करू लागला तर सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही आणि धुराडे शुद्ध करणारा उत्प्रेरक तापून नष्ट होऊ शकतो, असा तातडीचा इशारा. भारतात भारत स्टेज-४ च्या गाड्यांना या प्रणालीचा दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून लागू झाला आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ आले. त्यामुळे पिवळा दिवा उघडमीट करताना दिसला तर वेग कमी करून गाडी थांबवावी. तेथे अर्थिंग शोधत बसू नये.

विद्युत मोटारीत अल्टरनेटर नाही. शेकडो व्होल्टच्या मोठ्या बॅटरीतून परिवर्तकाद्वारे १२ व्होल्टची लहान बॅटरी भरली जाते आणि डॅशबोर्ड तिच्यावरच चालतो. ती लहान बॅटरी अशक्त झाली तर मोठी बॅटरी पूर्ण भरलेली असूनही पडद्यावर दिवे लुकलुकू शकतात, किंवा गाडी जागी होण्यासच नकार देते. गंजलेला जोड, सैल टर्मिनल आणि ओहमचा नियम तेथेही तसेच आहेत.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. स्कॅनर ‘दाब कमी’ असा सांकेतिक क्रमांक दाखवतो. तो लक्षणाचे नाव आहे. दाब अल्टरनेटरने दिला नाही, वाटेत गळला, की मोजणाऱ्या संगणकाच्याच अर्थिंगमध्ये दोष आहे, हे त्या क्रमांकावरून कळत नाही. केवळ क्रमांक पाहून भाग बदलणारा ग्राहकाकडून अल्टरनेटरची किंमत घेतो आणि गंजलेला बोल्ट जागच्या जागी राहतो. दुसरीकडे, उत्तम विचार करणाऱ्या कारागिराला परिपथाचा नकाशा आणि स्कॅनर मिळालाच नाही, तर नव्या गाडीत त्याची पद्धत दाराबाहेरच अडते. म्हणून केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा निवडलेल्या क्षेत्रांत मोटारींचा समावेश असणे महत्त्वाचे होते.

देशातील हजारो वायरमनांचे पोट, ग्राहकाचा पैसा आणि रात्रीच्या रस्त्यावरील सुरक्षितता या तिन्ही गोष्टी यात गुंतल्या आहेत. आयटीआयच्या विद्यार्थ्याला स्कॅनर वाचता यावा, आणि त्याच वेळी दोन टोचण्यांमध्ये दाब का मोजायचा हेही कळावे. पहिल्यासाठी माहिती खुली हवी, दुसऱ्यासाठी शिक्षण. डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकला की तो कोणासोबत, कोणाच्या तालावर आणि किती व्होल्टवर लुकलुकतो, हे तीन प्रश्न डायनॅमोच्या काळात जेवढे उपयोगी होते तेवढेच आजही आहेत.